कुलपालाही जागा लागते

आमच्या घरात एका शब्दावरून कायम गोंधळ होतो. मी मराठी, सूनबाई धारवाडकडची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "अगं, मागच्या दाराची किल्ली आण." ती गेली आणि कुलूप घेऊन आली. चूक तिची नव्हती. कन्नडमध्ये 'कीली' म्हणजे कुलूप. ते उघडायचं ते 'कीलीकै', म्हणजे कुलपाचा हात. ज्यांच्या घरी दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात, त्यांना हे सांगायला नको. तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. हाच गोंधळ पुढे एका भलत्याच ठिकाणी माझ्या कामी येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं. माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो, तिथल्या एका विद्यापीठात नोकरीला. खानापूर तालुक्यातली आमची वडिलोपार्जित जमीन आता भावंडांच्या नावे करायची ठरली. गेल्या हिवाळ्यात त्याला येणं जमत नव्हतं. मग त्याने मला मुखत्यारपत्र करून द्यायचं ठरलं. त्यासाठी म्युनिकच्या आपल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन सही करायची होती. त्याला सोमवारची वेळ मिळाली होती. मसुद्यात जमिनीचा सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा कागदांबरहुकूम यायला हव्यात, म्हणून त्याला आधी सगळे कागद बघायचे होते.

कागद म्हणजे काय, तर आमच्या जिल्ह्याचा इतिहासच एका कापडी पिशवीत. आजोबांच्या वेळचं खरेदीखत मोडीत. त्यावर आजीच्या अंगठ्याचा जांभळा ठसा. १९५६ साली आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतरचे बाबांच्या नावचे उतारे कन्नडमध्ये. अलीकडची पहाणी कॉम्प्युटरवर छापलेली. आणि सगळ्यांत वर आम्हा भावंडांची आधार आणि पॅन कार्डं. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी एकूण एक पान रंगीत स्कॅन करून घेतलं. "चांगलं स्वच्छ येऊ दे हो," असं त्या मुलाला दोनदा बजावलं. त्यानेही मनापासून केलं. एका फाइलमध्ये सगळं बांधून पेनड्राइव्हवर घालून दिलं.

भावाने फोनवर सांगितलं, "अक्का, साध्या मेलने नको. त्यात सगळ्यांचे नंबर आहेत, सह्या आहेत, अंगठे आहेत. एन्क्रिप्ट करून पाठव." त्याचं म्हणणं बरोबर होतं. साधं ई-मेल हल्ली वाटेत बहुधा झाकून जातं. पण दोन्ही टोकांच्या मेलपेटीत ते उघडंच पडून राहतं. ज्याच्या हाती पासवर्ड लागेल त्याला सगळं वाचता येतं. एन्क्रिप्ट केलेलं पत्र मात्र ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच उघडतं.

माझा मुलगा सुट्टीला आला होता, त्याने सगळी तयारी करून दिली होती. माझ्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्रॅम घातला. माझ्या नावाचं एक वर्षाचं डिजिटल प्रमाणपत्र मिळवलं. मामाकडून सही केलेलं एक मेल मागवून घेतलं, म्हणजे मामाची 'पब्लिक की' माझ्याकडे आली. मी विचारलं, "पब्लिक की म्हणजे सगळ्यांना वाटायची किल्ली? किल्लीच वाटून टाकली तर कुलूप कशाला लावायचं?" त्याने कागदावर बाण काढून समजावलं, पण माझ्या डोक्यात काही शिरेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूनबाईचा आवाज आला, "अत्ती, कन्नड कीली अंत तिळकोरी!" म्हणजे, कन्नडमधली कीली समजा.

आणि चटकन उलगडलं. मामाने जगाला वाटलं ते उघडं कुलूप. ते कुणीही आपल्या पेटीला लावावं, खट्‌कन दाबावं आणि पेटी पाठवून द्यावी. उघडायचं कीलीकै मात्र मामाच्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर. एकदा दाबलं की मलासुद्धा त्याच्या कुलपाने ते उघडता येणार नाही. इतकी वर्षं ज्या शब्दावर हसलो, त्यानेच मला शिकवलं.

गुरुवारी रात्री मी मेल लिहायला बसले. पत्र लिहिलं, फाइल जोडली, कुलपाचं चित्र दाबलं आणि 'सेंड' केलं. पडद्यावर एक छोटी चौकट आली, त्यात चार ओळी इंग्रजी. अशी चौकट आली की मी काय करते ते सांगते, आणि तुम्हीही तेच करत असाल. मी 'ओके' दाबलं. मग मेलची खिडकी बंद केली. 'जपून ठेवू का' असं काहीतरी त्याने विचारलं, त्यालाही हो म्हटलं. मग भावाला कुलपातच दोन ओळी लिहिल्या, "कागद पाठवलेत, बघून घे." त्या क्षणात गेल्या.

शुक्रवारी त्याचा निरोप आला. दोन ओळी मिळाल्या, कागद कुठे आहेत? मी पुन्हा तेच केलं. पुन्हा चौकट, पुन्हा 'ओके', पुन्हा दोन ओळी. शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा. म्हणजे त्याच्याकडे "कागद पाठवलेत" असं सांगणारी तीन कुलूपबंद पत्रं पोचली आणि कागद एकही नाही.

शनिवारी दुपारी जेवायला बसणार, तेवढ्यात त्याचा मेसेज आला. "अक्का, कागद दाखवायचे नसतील तर तसं सरळ सांग."

मंडळी, घास हातातच राहिला. आई गेली तेव्हा तिच्या पाटल्या माझ्याकडे होत्या. त्या वाटून व्हायला वर्ष लागलं होतं, माझ्याच आजारपणामुळे. त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. पण न बोललेलं कुठेतरी शिल्लक असतं, आणि जमिनीचा विषय निघाला की ते वर येतं. त्याला वाटलं, अक्का कागद दाबून ठेवतेय. मला वाटलं, याला मी इतक्या वर्षांत हीच ओळखू आले का? दोघांच्या मध्ये एक चौकट होती, जी मी तीनदा न वाचता बंद केली होती.

रागाच्या भरात मी ठरवलं, घालू दे ते कुलूप चुलीत, सरळ साध्या मेलने पाठवते. गणपतीतले फोटो नाही का साध्या मेलने गेले? तेही पंधरा एमबीचे होते आणि ही फाइलही पंधराचीच. बोट बटणावर होतं. सूनबाईने हात धरला. ती कन्नड शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घाईत उत्तर लिहिणाऱ्यांची तिला सवय आहे. म्हणाली, "अत्ती, आधी ती चौकट परत येऊ द्या. या खेपेला वाचूया."

पुन्हा सेंड केलं. चौकट आली. आम्ही दोघींनी चष्मे लावून वाचली. मजकूर सरळ होता. पत्राचा आकार सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, पत्र पाठवलेलं नाही, आकार कमी करून बघा. तीन दिवस तो प्रोग्रॅम बिचारा खरं तेच सांगत होता.

"फाइल भाळ दोड्डदैत्री," सूनबाई म्हणाली. फाइल फार मोठी आहे. पण मला पटेना. आमच्या मेलची मर्यादा २५ एमबी, फाइल १५ ची. पंधरा पंचविसात मावत नाही, हे कुठलं गणित?

तेव्हा तिने शाळेतल्यासारखी फोड करून पाहिली. पहिलं मेल कुलपासकट, पण नुसती एक ओळ. गेलं. म्हणजे कुलूप बरोबर, भावाची की बरोबर, माझं प्रमाणपत्रही बरोबर. दुसरं मेल कुलपासकट, सोबत एकच छोटं पान. गेलं. म्हणजे कुलपात कागद घालता येतो. तिसरं मेल, सगळा गठ्ठा. अडलं. म्हणजे भांडण कुलपाशी नाही आणि कागदाशीही नाही, दोन्ही मिळून जे आकारमान होतं त्याच्याशी आहे.

मग रात्री मुलाला फोन लावून आम्ही मूळ समजून घेतलं. ते मला इतकं आवडलं की तुम्हालाही सांगते.

ई-मेल मुळात फक्त अक्षरं नेण्यासाठी जन्मलं. साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि काही चिन्हं. फोटो, गाणी, फाइली त्यातून जाण्याची सोय १९९२ मध्ये ठरलेल्या 'माइम' नावाच्या पद्धतीने झाली. ती तयार करणाऱ्यांपैकी एक, नॅथॅनियल बोरेनस्टाइन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ११ मार्च १९९२ रोजी आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाण्याचा तुकडा मेलला जोडून पाठवला होता. युक्ती अशी, की फाइल कसलीही असो, ती ६४ ठरावीक चिन्हांत उतरवून काढायची. म्हणजे टपालाला वाटतं, हे अक्षरांचंच पत्र आहे.

पण या उतरवण्याला जागा लागते. सूनबाईने त्याचं गणित तांदळाच्या दाण्यांवर मांडून दाखवलं. आठ-आठ दाण्यांच्या तीन वाट्या घ्या, चोवीस दाणे झाले. आता तेच दाणे अशा वाट्यांत भरा, की एकीत सहाच मावतील. चार वाट्या लागल्या. दाणे तेवढेच, वाट्या मात्र तीनाच्या चार. म्हणजे १५ एमबीची फाइल मेलला जोडली की ती २० एमबी होते, आणि मध्ये ओळी तोडाव्या लागतात त्या धरून साडेवीस. गणपतीचे फोटो असेच साडेवीस होऊन गेले होते. पंचविसाच्या आत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुलूप लावलं की हाच प्रकार दोनदा होतो. आधी फाइल अक्षरांत उतरते, साडेवीस होते. मग पत्र आणि फाइल मिळून सगळ्याला कुलूप बसतं. त्यातून जो माल निघतो तो पुन्हा अक्षरांचा राहत नाही, म्हणून तो परत एकदा ६४ चिन्हांत उतरवावा लागतो. पुन्हा तीनाच्या चार. साडेवीसचे झाले अठ्ठावीस. मर्यादा पंचवीस. तीन एमबीसाठी माझ्या भावाने मला तो मेसेज लिहिला होता.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा. कुलूपबंद मेलमध्ये मर्यादेच्या निम्मीच फाइल घाला. पंचवीसची मर्यादा असेल तर बाराच्या आत, दहाची असेल तर पाचच्या आत. कुलूप लावायच्या काही पद्धतींत आधी माल दाबून बारीक करतात, तिथे फुगवटा कमी होतो, पण निम्म्याचा नियम धरला की फसायला होत नाही. आणि मर्यादा दोन्हीकडची बघायची. आपल्याकडून पंचवीस सुटलं, तरी समोरच्या ऑफिसची पेटी दहाचीच असली तर ते परत येतं. परत आलेल्या पत्रात ५५२ हा आकडा दिसला तर बहुधा आकाराचीच तक्रार असते.

रविवारी सकाळी पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात गेले. मोडी खरेदीखत रंगीतच ठेवलं, कारण पुसट शाई आणि आजीचा ठसा काळ्यापांढऱ्यात गेला असता. त्याची वेगळी फाइल केली, ती सात एमबीची झाली. कन्नड उतारे आणि पहाणी करड्या रंगात, कमी बारकाईने स्कॅन केली. अक्षर स्वच्छ वाचता येत होतं आणि सगळं मिळून दोन एमबीही नाही. कार्डं तिसऱ्या फाइलीत. तीन फाइली, तीन मेलं, तिन्हींना कुलूप. फाइल झिप करून बघावी असं मनात आलं होतं, पण स्कॅन केलेली चित्रं आधीच दाबलेली असतात, झिपने त्यांत फार फरक पडत नाही.

या खेपेला चौकट आली नाही. तरी मी 'सेंट' मध्ये जाऊन तिन्ही मेलं आहेत ना ते पाहिलं. 'ड्राफ्ट्स' मध्ये आदल्या दिवसांची न गेलेली पत्रं निमूट बसली होती. तिथे आधीच डोकावले असते तर!

आणखी काही गोष्टी या निमित्ताने कळल्या, त्या ओघात सांगते. सेंड दाबताक्षणी 'समोरच्याचं प्रमाणपत्र सापडत नाही' अशा अर्थाचं काही आलं, तर आकाराचा प्रश्न नाही. त्याला सही केलेलं नवं मेल पाठवायला सांगा, म्हणजे त्याचं कुलूप आपल्याकडे येतं. प्रमाणपत्राला मुदत असते, माझं एक वर्षाचं आहे. ती तारीख मी कॅलेंडरवर गॅस नंबर लावल्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवली आहे. समोरच्याला फोनवर नुसती 'स्माइम डॉट पी सेव्हन एम' नावाची एक फाइल दिसली, तर घाबरायचं नाही. पत्र पोचलंय, पण त्या फोनवर किल्ली नाही. किल्ली ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे उघडायला सांगायचं. कॉम्प्युटर बदलताना आपली जुनी किल्ली जपून नव्यावर न्यायची, नाहीतर जुनी पत्रं आपल्यालाच कायमची बंद. इथे कुलूप तोडून देणारा कुणी बाजारात बसलेला नसतो.

मेलची मर्यादा ओलांडली की काही ठिकाणी 'फाइल वर चढवून नुसती लिंक पाठवू का' असं विचारतात. सोय चांगली, पण त्या लिंकमागच्या फाइलला आपलं हे कुलूप नसतं. पत्र कपाटात आणि दागिने ओट्यावर, असा तो प्रकार. तसंच पत्राचा विषय लिहिण्याची वरची ओळ साधारणपणे कुलपाबाहेरच राहते. मी पहिल्या मेलवर हौसेने जमिनीचा सर्व्हे नंबर लिहिला होता. आता नुसतं "कागद १", "कागद २" लिहिते.

ज्यांना हे एवढं करायचं नाही, त्यांनी निदान आधार पाठवताना मास्क केलेलं आधार काढावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारची डाउनलोड केलेली पीडीएफ कुलूपबंद असते खरी. पण तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल, हे सगळ्या भारताला ठाऊक आहे. स्वतः पासवर्ड घातला तर तो त्याच मेलमध्ये लिहू नये, फोन करून सांगावा. पासवर्ड घातलेली झिप मात्र काही मेलपेट्या नाकारतात, कारण आत विषाणू आहे का ते त्यांना बघता येत नाही. तुमची फाइल अडली तर हेही एक कारण ध्यानात असू द्या.

रविवारी आमच्याकडे दुपारचा दीड वाजला होता, त्याच्याकडे सकाळचे नऊ. फोन वाजला. मी मनात चार कठोर वाक्यं तयार ठेवली होती. तो काहीच बोलला नाही थोडा वेळ. मग म्हणाला, "अक्का, आजीच्या अंगठ्यावरची विळीने कापल्याची खूण ठशात दिसतेय गं."

मी खरेदीखत पुढ्यात घेतलं. खरंच होती. जांभळ्या रेघांच्या मधोमध एक तिरपी पांढरी चीर. पिशवी माझ्या कपाटात इतकी वर्षं होती, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्याने तो ठसा पडद्यावर मोठा करून पाहिला म्हणून दिसली.

मेसेजबद्दल तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही. चौकट मी वाचली नव्हती, हे मात्र मी कबूल केलं. तो म्हणाला, "मग मीही फोन करायला हवा होता, मेसेज नको." आमच्या घराण्यात याला माफी म्हणतात.

सोमवारी सही झाली. मुखत्यारपत्र कुरियरने आलं. आईच्या पाटल्यांचा विषयही त्यानंतर एकदा फोनवर निघाला, आणि उशीर का झाला ते मी त्याला पहिल्यांदाच नीट सांगितलं. तेही त्या दिवशी लगेच सांगायला हवं होतं. काही गोष्टी मनात बंद ठेवल्या की त्या जागा अडवतात, आणि मग साध्या गोष्टीही पुढे सरकत नाहीत.

तेव्हा पत्र अडलं तर आधी चौकट वाचा, मग नुसती ओळ पाठवून पाहा, मग छोटं पान, मग गठ्ठा. आणि समोरून कागद आले नाहीत तर काही ठरवण्याआधी फोन करा. सूनबाईने कन्नडमध्ये हे चार टप्पे लिहून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवले आहेत. वर मथळा दिला आहे, 'कीली'. मी त्याखाली मराठीत 'किल्ली' असं लिहिलं आहे. आता ज्याने त्याने आपापल्या भाषेत वाचावं.